बटाटा, वाल, नीरा आणि कमलाबाई

मेरिट लिस्टमध्ये पहिलं नाव असूनही ‘मुलगी’ म्हणून तिला प्रवेश नाकारला गेला. तिनं सत्याग्रहाचा पवित्रा घेतला, लॅबमध्ये पाऊल ठेवलं आणि पुढे केंब्रिजला जाऊन एका साध्या बटाट्यातून वनस्पतीच्या श्वासाचं कोडं सोडवायला मदत केली. कमला सोहोनी यांची ही गोष्ट.

ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर... यापैकी कुठल्याही कॉलेजच्या सायन्स लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी डोकावा. पांढरे एप्रन घातलेल्या, हातात टेस्ट ट्यूब धरलेल्या मुली दिसणारच. हे आता इतकं गृहीत आहे की, त्याचं कुणाला काही वाटतही नाही. फॉर्म भरायचा, लिस्टमध्ये नाव बघायचं, फी भरायची, संपला विषय.

पण नव्वद वर्षांपूर्वी विषय इतक्यात संपत नव्हता. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स दुय्यम विषय घेऊन एक मराठी मुलगी बीएस्सी झाली. गुणवत्ता यादीत पहिली. तिनं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रिसर्चसाठी अर्ज केला. अर्ज परत आला. कारण मार्कांचं नव्हतं. ती मुलगी होती, एवढंच कारण होतं. आणि हे कारण देणारे गृहस्थ कुणी साधेसुधे नव्हते. संस्थेचे संचालक आणि विज्ञानातलं नोबेल मिळवणारे पहिले भारतीय, सर सी. व्ही. रामन.

मुलीचं नाव कमला भागवत. लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

घरातच केमिस्ट्री

कमलाचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही केमिस्ट. बंगळूरची ही संस्था तेव्हा ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखली जायची आणि हे दोघे भाऊ तिथे शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्यामुळे शिकायचं तर केमिस्ट्री आणि रिसर्च करायचा तर बंगळूरला, हे कमलाच्या डोक्यात लहानपणापासूनच पक्कं बसलं असेल तर नवल नाही. घरात पुस्तकांचं आणि वादविवादाचं वातावरण होतं. थोरली बहीण दुर्गा. होय, त्याच दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक, लेखिका आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई. एका बहिणीनं साहित्यात, दुसरीनं विज्ञानात सत्तेला प्रश्न विचारला. कमलाची पाळी मात्र चाळीस वर्षं आधी आली.

अटी लागू

अर्ज परत आल्यावर वडिलांनी आणि काकांनी रामन यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. काळ गांधीजींचा होता. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, असा सत्याग्रहाचा पवित्रा तिनं घेतला. अखेर रामन नमले, पण पूर्णपणे नाही.

प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नव्हती. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच पुढे मान्यता. गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागणार होतं. आणि तिसरी अट सगळ्यात जास्त बोचणारी होती. तिच्यामुळे लॅबमधल्या पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष दुसऱ्याचं जाणार आणि जबाबदारी हिची!

कमलानं अटी मान्य केल्या. मान्य केल्या म्हणजे पटल्या असं नव्हे. पुढे अनेक वर्षांनी, स्वतः मोठ्या पदावरून निवृत्त झाल्यावरही हा अपमान त्या विसरल्या नव्हत्या आणि रामन यांच्या वैज्ञानिक मोठेपणाबद्दल आदर राखूनही त्याबद्दल उघडपणे बोलत असत. पण तेव्हा, विशी नुकतीच ओलांडलेल्या त्या मुलीसमोर निवड सरळ होती. भांडण इथेच जिंकायचं की लॅबमध्ये शिरून जिंकायचं? तिनं दुसरा रस्ता धरला.

गाइड मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्याकडे तिनं दूध, कडधान्यं आणि डाळी यांतल्या प्रोटीन्सवर काम केलं. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात प्रोटीन येतं ते डाळीतून, तिथे या डाळीत नेमकं आहे काय, हा प्रश्न अगदी मुळातला होता. १९३६ मध्ये याच कामावर तिला मुंबई विद्यापीठाची एमएस्सी मिळाली, तीही विशेष प्रावीण्यासह.

आणि वर्षभराच्या त्या ‘चाचणी’चं काय झालं? रामन यांना काम पटलं. तिला नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळालीच, शिवाय संस्थेचा दरवाजा इतर मुलींसाठीही उघडला. एका मुलीनं वर्षभर डोळ्यांत तेल घालून केलेल्या कामावर पुढच्या सगळ्या मुलींचा प्रवेश अवलंबून होता. एखाद्या मुलाचा एखादा प्रयोग फसला असता तर तो त्याचा एकट्याचा फसला असता. तिला ती सवलत नव्हती.

बटाटा श्वास कसा घेतो?

१९३७ मध्ये कमला केंब्रिजला पोचली. व्हिटॅमिन्सवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स तिथे बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते. त्यांच्या विभागात आधी तिनं डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केलं. ते निघून गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे गेली. अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत ‘हिल रिॲक्शन’ वाचली असेल ना? तेच हे हिल.

आता थोडं सायन्स. घाबरू नका, कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांनीही वाचावं असं आहे.

झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात, हे शाळेत शिकतो. पण झाडंही श्वास घेतात, दिवसरात्र घेतात, हे परीक्षा संपल्यावर विसरून जातो. जमिनीखालच्या बटाट्यावर तर ऊन पडतच नाही. तो जिवंत राहतो तो साठवलेलं अन्न हळूहळू ‘जाळून’. पेशीतलं हे जळणं म्हणजे भडका नव्हे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे पुढे दिले जातात. डबेवाल्यांसारखंच. घरून डबा उचलणारा वेगळा, स्टेशनवर लावणारा वेगळा, ऑफिसात पोचवणारा वेगळा. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. वाटेत टप्प्याटप्प्यानं ऊर्जा सुटते, ती पेशी वापरते.

या साखळीच्या शेवटाकडचा एक डबेवाला म्हणजे सायटोक्रोम सी, लोह असलेलं एक छोटंसं प्रोटीन. केंब्रिजमधल्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. प्राण्यांत, यीस्टमध्ये आणि वनस्पतीतही त्याच्या खुणा त्यांना दिसल्या होत्या. पण खूण दिसणं वेगळं आणि तो रेणू तिथे खरंच ते काम करतो हे दाखवणं वेगळं. कापलेला बटाटा थोड्या वेळानं काळपट पडतो, तो फिनॉलेज गटातल्या एन्झाइम्समुळे. वनस्पतीत श्वसनाचं शेवटचं काम हीच एन्झाइम्स करतात, सायटोक्रोम नव्हे, असं मानणारे शास्त्रज्ञ त्या काळी होते. म्हणजे प्रश्न असा होता: श्वास घ्यायची प्राण्यांची रीत एक आणि झाडांची दुसरी, की दोघांची एकच?

कमलानं बटाटा घेतला. महागडं काही नाही, बाजारात मिळणारा बटाटा. त्याच्या पेशींतून तिनं सायटोक्रोम सी आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारं एन्झाइम यांचा माग काढला. ही व्यवस्था वनस्पतीच्या पेशीतही असते आणि श्वसनात तिचा वाटा असतो, हे तिच्या कामातून दिसलं. सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा हिल आणि भागवत या दोन नावांचा निबंध १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. केंब्रिजमध्ये पोचल्यापासून अवघ्या १४ महिन्यांत तिनं पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. पानं फक्त ४०!

त्याच वर्षी तिला डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं त्याआधीच, १९३१ मध्ये डी.एस्सी. दिली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. आणि एक गंमत म्हणा की विसंगती म्हणा: स्त्रियांना पदवीचे पूर्ण हक्क द्यायला केंब्रिजनं १९४८ साल उजाडू दिलं. म्हणजे अटी फक्त बंगळूरलाच लागू होत्या असं नव्हे.

परतीचं तिकीट

परदेशात राहून करिअर करता आलं असतं. पण १९३९ मध्ये ती भारतात परतली. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये बायोकेमिस्ट्रीचा नवा विभाग सुरू होत होता, त्याची प्रमुख झाली. तिथून निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाली. १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारे. लग्नानंतर मुक्काम मुंबईला हलला आणि कमला भागवत कमलाबाई सोहोनी झाल्या.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापकाची जागा निघाली. कमलाबाईंनी अर्ज केला आणि निवड झाली. ही इमारत तुम्ही पाहिली असेल. सीएसएमटीला उतरून फोर्टमधून काळा घोड्याच्या दिशेनं चालत गेलं की, मंत्रालयाकडे वळायच्या आधी पिवळसर दगडाची जी भारदस्त वास्तू दिसते, तीच. तिथे कमलाबाईंनी विद्यार्थी घडवले. त्यांच्या लॅबचे विषय परदेशी जर्नलमधून उचललेले नव्हते, ते आपल्याच स्वयंपाकघरातून आणि परसातून आले होते.

वालाच्या बिरड्यामागचं शहाणपण

उदाहरणार्थ, वाल. ठाणे-कल्याणकडच्या सीकेपी घरांत वालाच्या बिरड्याला काय मान आहे ते वेगळं सांगायला नको. पण बिरडं करायचं म्हणजे व्याप. वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला, मग नीट शिजवा. एवढं कशाला?

कमलाबाईंच्या लॅबनं भारतीय अन्नपदार्थांमधली ट्रिप्सिन इन्हिबिटर शोधून काढली. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रोटीन पचवणारं एन्झाइम आणि इन्हिबिटर म्हणजे त्याला अडवणारा पदार्थ. कच्च्या वालात असे पदार्थ असतात. दाण्यात प्रोटीन भरपूर असलं, तरी पचनाच्या दारात हा रखवालदार उभा. वाल आणि डबल बीन्स यांच्यातून ही इन्हिबिटर स्फटिकाच्या रूपात वेगळी केल्याचा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा निबंध १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढे वालातल्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रोटीन्सवरही त्यांच्याकडे काम झालं. उष्णतेनं हे पदार्थ निकामी होतात. म्हणजे नीट शिजवायच्या आजीच्या हट्टामागे बायोकेमिस्ट्री होती. तिला फक्त नाव माहीत नव्हतं.

वालाची गोष्ट दाण्यापाशी संपत नाही. रायगड-ठाण्याकडे भात कापल्यावर त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वरखतावर फार खर्च न करता तो येतो, कारण त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं, ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात. दाण्यातलं प्रोटीन घडतं ते या भागीदारीच्या जोरावर.

यात एक पेच आहे. नायट्रोजन पकडणारं एन्झाइम ऑक्सिजननं बिघडतं, पण जिवाणूंना श्वास घ्यायला तर ऑक्सिजन हवाच. हा पेच सोडवतं आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं एक प्रोटीन. ते गाठीत ऑक्सिजन बेतानं, मोजून-मापून पोचवतं. कडधान्यांच्या मुळांच्या गाठींतल्या या हिमोग्लोबिनवर १९४५ मध्ये महत्त्वाचं काम कुणी केलं असेल? सायटोक्रोमवाल्या केलिन यांनीच, वँग या सहकाऱ्याबरोबर. बटाट्याचा श्वास आणि वालाच्या गाठीतला श्वास, दोन्ही एकाच प्रश्नाची टोकं. कमलाबाईंनी एक टोक केंब्रिजमध्ये पकडलं होतं आणि वालाचा दाणा मुंबईत.

नीरा आणि राष्ट्रपती

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र नीरेवरचं. वसई-डहाणू पट्ट्यात, म्हणजे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या भागात, ताडाच्या आणि शिंदीच्या झाडांना मडकी लावलेली दिसतात. झाडातून पाझरणारा गोड रस म्हणजे नीरा. ती पहाटेच उतरवून प्यायची, कारण ऊन चढलं की यीस्ट आणि जिवाणू रसातल्या साखरेवर तुटून पडतात. साखरेचं मद्य होतं आणि नीरेची ताडी. म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा आणि रस थंड ठेवायचा. सूक्ष्मजीवांची शर्यत थोपवून धरण्याचा हा जुना उपाय.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतल्या पोषक घटकांचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह असतं, आणि रस आटवून गूळ किंवा काकवी केली तरी ते बऱ्याच अंशी टिकतं, असं त्यांच्या कामातून दिसलं. आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. स्वस्त, गावातच मिळणारा आणि तोवर फक्त ताडीच्या नावानं बदनाम झालेला रस पोषणाच्या चर्चेत आला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार म्हणूनही त्यांनी काम केलं. दूध नासू नये यासाठी काय करायचं, याची पद्धत त्यांनी बसवून दिली. केंब्रिजची पीएच.डी. आणि विषय दूध नासण्याचा! त्यांना यात कमीपणा वाटला नाही. ज्या शहरात लाखो घरं सकाळी दुधाची वाट बघतात, तिथे यापेक्षा मोठा विषय कुठला?

पुन्हा तेच दार

इतकं सगळं झाल्यावर इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांच्याकडे सहज यायला हवं होतं. अनुभव होता, संशोधन होतं, पुरस्कार होता. तरीही चार वर्षं ते पद त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं. कारण पुन्हा तेच, बाई. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी दारात अडवलं जाणं आपण समजू शकतो. पण सगळं सिद्ध करून झाल्यावर, उमेदीची चार वर्षं पुन्हा दाराबाहेर? हा हिशेब कुठल्याच पुरस्कारानं भरून येत नाही.

शेवटी त्या संचालक झाल्या. बातमी ऐकून केंब्रिजचे जुने गाइड रिक्टर यांनी, एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली महिला संचालक होऊन तिनं इतिहास घडवला, अशा शब्दांत कौतुक केलं.

निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी मिळून मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना सुरू केली, त्यात कमलाबाई सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संघटनेच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्यांनी लेख लिहिले. मराठीतून विद्यार्थ्यांसाठी पुस्तकंही लिहिली.

आयुष्याच्या अखेरच्या काळात इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या. देशाच्या वैद्यकीय संशोधनाची ती सर्वोच्च संस्था. तिच्या प्रमुखपदी त्या वेळी एक स्त्री होती, डॉ. जी. व्ही. सत्यवती. तरुणपणी संचालकांच्या दालनात आपल्या प्रवेशासाठी अडून राहिलेल्या मुलीचा सत्कार एका महिला संचालकाच्या पुढाकारानं होत होता.

आणि हो, येत्या हिवाळ्यात मुरबाड किंवा शहापूरकडे ट्रेकला गेलात आणि खाचरात वाल दिसला, तर शेतकरीदादांना विचारून एक रोप मुळासकट उपटून बघा. मुळावरची एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर समजा, गाठ जिवंत आहे आणि आत काम चालू आहे.